दोन टक्के कुणासाठी?

मी गोव्यातल्या नार्वेचा. नोकरी केली डिचोलीतल्या एका बँकेत, खनिज ट्रकांच्या कर्जांच्या टेबलावर. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि हप्तेही थांबले. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: गाव नाराज असेल, तर धंद्याचा ताळेबंद कागदावरच राहतो.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्या, असेही तेच कलम सांगते. पण आमच्याकडे हा खर्च बहुधा छत्र्या, वह्या आणि फलकावरच्या नावात दिसतो. (फलक मात्र टिकाऊ असतो हं!)

आमच्याच तालुक्यातल्या शिरगावच्या विहिरी आटल्या, शेतांत खाणीचा गाळ उतरला. २०२४ मध्ये पिळगावच्या शेतकऱ्यांनी खनिज वाहतूक रोखून धरली. ट्रक उभा राहिला की चालकाचा पगार, डिझेल, जहाजाची वेळ, सगळ्याचा भुर्दंड ट्रकमालकावर आणि कंपनीवरही. त्यापेक्षा वेळेवर उपसलेला नाला स्वस्त पडतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मात्र खाणीनेच आणलेला गाळ काढणे हे समाजकार्य नव्हे. ती परवान्याची अट आहे. ते दोन टक्क्यांत मोजू नये. दोन टक्के त्यापलीकडचे: मानशींची (खाजण बांधांवरच्या पाण्याच्या दारांची) डागडुजी, मुलांना यंत्रदुरुस्तीचे शिक्षण. आणि कामांची यादी कंपनीच्या कार्यालयात नव्हे, ग्रामसभेत ठरावी.