अरबी बाजार खडे बाजारातच भेटला

रील्सवर दुबईच्या देरा भागातला मसाल्यांचा बाजार बघून मी मैत्रिणीला म्हटलं, "एकदा तरी असला अरबी बाजार बघायचाय गं." तिचे अब्बा बरीच वर्षं तिकडं कामाला होते. ती हसली. "त्यासाठी पासपोर्ट कशाला? शनिवारी बेळगावला चल. खालाकडं राहू, रात्री खडे बाजार फिरू."

रमजानचा महिना होता. निपाणीच्या स्टँडवर बस धरली आणि संकेश्वर, यमकनमर्डी करत संध्याकाळी बेळगावला पोचलो. रोजा सुटल्यावर खडे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. अजवा आणि किमिया खजुरांचे डबे, शेवया, बांगड्या, टोप्या, अत्तराच्या बाटल्या. अत्तरवाले चाचा एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी उर्दूत आणि माझ्याशी मराठीत बोलत होते. "किंमत तीच ताई, वजन बघा," म्हणाले. मागून खोकी घेऊन येणारा हमाल "सरका, सरका" ओरडत होता.

मैत्रीण कानात म्हणाली, "हमाल अरबीच शब्द आहे, माहितीये? अब्बा सांगायचे, तिकडंही हमालच म्हणतात."

मग आम्हाला खेळच सुचला. चालता चालता शब्द मोजायला लागलो. दुकान, किंमत, वजन, हिशेब, रक्कम, बाकी, नफा, खर्च, दलाल. सगळे मुळात अरबी, बहुतेक फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आलेले. बाजार आणि तराजू हे तर थेट फारसी. बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात हे शब्द कचेरीत आले आणि तिथून पेठेत उतरले. महमूद गवाननं बेळगावचा किल्ला घेतला. त्याच किल्ल्यात आज कमल बस्ती आणि साफा मशीद दोन्ही उभ्या आहेत. शिवाय कन्नड दुकानदारही अंगडीत बसून खर्चु, बाकी, नगदु हेच शब्द वापरतो. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा ठरल्या, पाट्यांची भाषा कोणती यावर आजही भांडणं होतात, खरं वहीतले शब्द दोन्हीकडं तेच राहिले.

वरच्या वाक्यात मी 'खरं' लिहिलं ते मुद्दाम. आपल्या भागात 'पण' या अर्थी 'खरं' म्हणतात, तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी एका निबंध स्पर्धेत मी लिहिलं होतं, "बाजारात गेलो खरं दुकान बंद होतं, म्हणून खर्च वाचला." परीक्षकांनी 'खरं'भोवती लाल गोल काढून बाजूला 'अशुद्ध' लिहिलं. त्याच वाक्यातले बाजार, दुकान आणि खर्च मात्र शुद्ध! म्हणजे हजारो मैलांवरून आलेले शब्द घरचे आणि माझ्या आजीच्या तोंडचा शब्द परका. हा कुठला हिशेब?

प्रमाण भाषा नको, असं माझं म्हणणं नाही. अर्ज, बातमी, पाठ्यपुस्तक यांना ती लागतेच. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यामागं कारभाराची गरज होती. त्या कोशात व्यापाराच्या शब्दांचा 'पण्यवर्ग'सुद्धा आहे. तरी आज आपण किंमतच म्हणतो, दुकानच म्हणतो. शब्द ठेवायचा की सोडायचा, हे शेवटी बोलणारी माणसं ठरवतात. 1981 साली निपाणीचे तंबाखू शेतकरी शरद जोशींबरोबर हायवेवर बसले ते भावासाठी, आपल्या हक्कासाठी. 'हक्क' अरबी आहे आणि 'तंबाखू' पोर्तुगीजांकडून आला, म्हणून त्यांची मागणी कुणाला कमी मराठी वाटली का?

हे सगळं मी शब्दांच्या गमतीसाठी लिहीत नाही. रविवारी परतताना बसमध्ये मी मैत्रिणीला विचारलं, "तू आपल्या मंडळात का येत नाहीस? किती छान गोष्टी सांगतेस." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझं मराठी बाजारातलं आहे गं. घरी दखनी, शाळा कन्नड. तुमच्यात बोलले तर सगळे हसतील."

मला उत्तर सुचेना. कारण ती खोटं बोलत नव्हती. आपण हसतो. कुणी 'जाऊलालोय' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते, हे मी स्वतः पाहिलंय आणि एकदोनदा मीही हसलेय.

म्हणून मंडळाकडं माझी एक मागणी आहे. कथाकथनाच्या कार्यक्रमात घरची बोली चालेल असं सूचनेतच लिहा आणि त्यासाठी गुण कापू नका. पुढच्या अंकात दोन पानं सीमाभागाच्या बोलीला द्या. कन्नड, दखनी, कोकणी घरातून आलेल्या मुलामुलींना आपण होऊन बोलवा. ती येतील तेव्हा आधी गोष्ट ऐका, शुद्धलेखन मागाहून बघू.

चाचांच्या अत्तराची छोटी बाटली माझ्या टेबलावर आहे. मैत्रिणीनं दिलेले पन्नास रुपये अजून बाकी आहेत. ते परत करायला जाईन तेव्हा कार्यक्रमाचा फॉर्मही घेऊन जाणार आहे. ती भरेल की नाही, ते बरंचसं आपल्यावर आहे.