दंडधारण ते यंत्रमानव : वैद्यांचे कर्तव्य



वृद्धांना चालण्यास साहाय्य करणाऱ्या यंत्रमानवी उपकरणांचा विषय निघाला की आपल्या सभांतून सहसा दोन सूर ऐकू येतात. ‘हे आपले क्षेत्र नव्हे’ हा पहिला आणि ‘ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला लोहमय पाय दिलाच होता’ हा दुसरा. पहिल्यात उदासीनता आहे, दुसऱ्यात आत्मसंतोष. रुग्णाच्या पदरात मात्र दोहोंतून काहीच पडत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जपानमधील होंडा कंपनीने या विषयावरील संशोधन १९९९ साली आरंभिले आणि २०१५ मध्ये कंबरेला व मांड्यांना बांधावयाचे, सुमारे २.७ किलो वजनाचे उपकरण तेथील संस्थांना भाड्याने देण्यास प्रारंभ केला. चालताना कटिसंधीचा कोन कसा बदलतो, हे त्यातील संवेदक टिपतात आणि लहान मोटारी पाऊल उचलण्यास साहाय्य करतात. जपानमध्येच प्रा. योशियुकी सांकाई यांनी विकसित केलेले ‘हाल’ हे उपकरण स्नायूंचे त्वचेवर उमटणारे क्षीण विद्युत्-संकेत ओळखून चालते. म्हणजे चालण्याची इच्छा रुग्णाचीच असते. यंत्र तिला बळ पुरविते. अशा साधनांचा खरा उपयोग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालण्याचा सराव करण्यासाठी आहे. आपल्याकडील उंच उंबरठे, अरुंद जिने आणि ओली न्हाणीघरे यांवर ते आजचे उत्तर नव्हे.

तथापि त्यामागील तत्त्व आपणांस परके नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या मात्राशितीय अध्यायात, आहार, अंजन व अभ्यंग यांच्याच पंक्तीत दंडधारण सांगितले आहे. घसरणाऱ्यास सावरणे, आधार देणे आणि भय दूर करणे हे त्याचे गुण तेथे वर्णिले आहेत. यंत्रमानव हे आधुनिक दंडधारणच होय, असा दावा मी करणार नाही. परंतु आधार हा स्वस्थवृत्ताचा विषय आहे, हे मात्र निःसंशय.

येथे स्वतःची चूक सांगणे मला प्राप्त आहे. संधिगत वाताने पीडित एका वृद्ध मातोश्रींना मी जानुबस्ती दिली. वेदना उणावल्या, त्या समाधानी होत्या. पुढे त्या घरातच पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. त्या भिंतीला धरून चालत असत, हे मला त्यानंतर समजले. मी गुडघा तपासला होता. चाल पाहिली नव्हती. वेदनाशमन म्हणजे स्थैर्य नव्हे, हा धडा मला फार उशिरा मिळाला.

म्हणून माझे मत असे की, यंत्रमानवाची वाट पाहण्यापूर्वी आपण साध्या गोष्टी कराव्यात. साठी उलटलेल्या प्रत्येक रुग्णास खुर्चीतून उठून तीन मीटर चालावयास, वळून परत येऊन बसावयास सांगावे. यास बारा सेकंद वा अधिक लागल्यास पडण्याचा धोका गृहीत धरावा व पुढील तपासणी करावी. नेहमीची पादत्राणे घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. एका पायात वेदना असल्यास काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. औषधी दुकानदार बंधूंनीही तेलाच्या बाटल्यांशेजारी उंची कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्या व त्यांची रबरी टोपणे ठेवावीत. झिजलेले टोपण हे अपघातास आमंत्रणच असते.

उद्या ही यंत्रे स्वस्त होतील आणि रुग्णाचे आप्त ‘घ्यावे का?’ असे आपल्यालाच विचारतील. त्या वेळी बलपरीक्षा, दृष्टी, घरातील जागा आणि रुग्णाची इच्छा पाहून उत्तर देणारा वैद्य हवा. यंत्र पाऊल उचलण्यास साहाय्य करील. मांसबल टिकविण्यासाठी आहार, व्यायाम आणि चिकित्सा लागेलच. त्यासाठी संघटनेने पुढील अधिवेशनात चालपरीक्षेचे एक प्रात्यक्षिक सत्र ठेवावे, ही नम्र सूचना.