छतातले दिवे : भोकं पाडण्यापूर्वी

मैत्रिणींनो, घराला रंग काढायचा ठरला की हल्ली पीओपीच्या छताचा विषय निघतोच, आणि छत म्हटलं की त्यात बसवायचे ते चपटे, गोल एलईडी दिवे आलेच. दिसायला सुबक असतात, आणि जेमतेम बोटभर जाडीचे असल्यामुळे छत फार खाली आणावं लागत नाही. ठेंगण्या ब्लॉकमध्ये हा फायदा काही थोडाथोडका नव्हे.

दिवे कोणते घ्यायचे हे दुकानदार सांगेल. ते बसवायचे कुठे, हे मात्र तुम्हीच सांगायला हवं. वायरमनवर सोपवलंत तर तो सारख्या अंतरावर खुणा करून मोकळा होतो. छत शोभिवंत दिसतं खरं, पण छताकडे बघत बसायला आपल्याला वेळ कुठे असतो?

स्वयंपाकघराचंच घ्या. दिवा खोलीच्या मधोमध असला की उजेड पाठीमागून येतो आणि आपलीच सावली ओट्यावर पडते. मग तांदळातला खडा दिसत नाही आणि सुरीखालचं बोटही. ओटा साधारण दोन फूट रुंद असतो. दिव्यांची ओळ भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर घ्या. वर कपाटं असतील तर त्यांच्या पोटाशी एक पट्टीचा दिवा वेगळा लावा. छत बंद होण्यापूर्वी एका संध्याकाळी ओट्याशी उभ्या राहा, ‘अहों’ना स्टुलावर चढवा आणि मोबाइलचा टॉर्च वर धरायला सांगा. सावली हातावर पडली तर जागा बदला. आज खूण पुसायला क्षण लागतो, नंतर छत फोडा, लांबी भरा, पुन्हा रंग द्या, असा खर्च निघाला की घरातले सगळे म्हणतात, “आता राहू दे!” आणि पुढची दहा वर्षं सावलीत कांदा चिरतो आपणच.

पंख्याचंही तसंच. दिवा पात्यांच्या वर आला की खोलीभर उजेड लुकलुकत राहतो, डोकं दुखतं. पात्यांच्या टोकापासून फूटभर तरी बाहेर दिवा हवा.

आता रंग. खोक्यावर ३००० के लिहिलं असेल तर उजेड जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, आणि ४००० के मधला. दुकानात ६५०० चा लख्ख वाटतो म्हणून सगळ्याजणी तोच उचलतात. घरी आल्यावर मात्र बैठकीची खोली दवाखान्यासारखी दिसते! निजायच्या खोलीत ३०००, स्वयंपाकघरात ४००० घ्यावा असं मला वाटतं. एका खोलीत दोन रंगांचे दिवे तेवढे नकोत. सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो, उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा. तो ८० च्या खाली नको. ओट्यावर आणि आरशापाशी ९० मिळाला तर उत्तमच. मसाला खमंग भाजला की करपला, हे रंगावरूनच तर कळतं!

दहा बाय बाराच्या खोलीला, भिंती फिक्या असतील तर, आठ-दहा वॅटचे चार दिवे एरवी पुरतात. सासूबाई-मामंजी वाचायला बसत असतील तर त्यांच्या खुर्चीशी एक जादा दिवा द्या. साठी उलटलेल्या डोळ्यांना विशीतल्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. सगळे दिवे एकाच बटणावर मात्र घेऊ नका, बरं का. टीव्ही बघताना सगळेच कशाला जळायला हवेत?

या दिव्यांत बल्ब बदलायची सोय नसते. दिवा बंद पडला की पुष्कळदा आतला ड्रायव्हर गेलेला असतो. म्हणून बिननावाचा स्वस्त माल टाळा, भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा आणि बिल जपून ठेवा. प्रत्येक कंपनीच्या दिव्याचं भोक वेगळ्या मापाचं असतं आणि दोन-तीन वर्षांनी तोच दिवा बाजारात मिळेलच असं नाही. तेव्हा दोन दिवे जास्तीचे घ्या, भोकाचं माप खोक्यावर ठळक लिहा आणि बिल आतच घालून ते खोकं माळ्यावर ठेवून द्या.