काजळी झाडू नका

23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे किमान 13 रुग्ण दगावले. तेव्हा अग्निसुरक्षेची चर्चा झाली. आगीनंतर मागे उरणाऱ्या काजळीबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

आपल्या वस्तीत खोली जळाली की दुसऱ्याच दिवशी आयाबहिणी झाडू घेऊन उघड्या हातांनी साफसफाईला लागतात. गाद्या, प्लास्टिक, वायरी जळून बसलेली काजळी म्हणजे चुलीची राख नव्हे. तिचे बारीक कण झाडूने उडून फुफ्फुसात खोल जातात. दमेकरी, गरोदर बाया आणि लेकरांना तिथे नेऊ नका.

आधी फोटो काढा, पंचनामा करून घ्या, वायरमनकडून वीज तपासून घ्या. मग एन-95 मास्क व रबरी हातमोजे घालून दारे-खिडक्या उघडा. पंखा लावू नका. काजळी कोरड्या स्पंजने टिपा, नंतर साबणाच्या पाण्याने पुसा. धूर लागलेले उघडे अन्न व औषधे टाकून द्या.

विमावाल्या फ्लॅटमध्ये सफाई कंपनी येते. वस्तीत आपल्या बायाच राबतात. मेलेली जनावरे ओढणे बाबासाहेबांनी आपल्याला सोडायला लावले. मग ही विषारी घाण आपणच उघड्या हातांनी का उपसायची? वसई-विरार महानगरपालिकेने प्रशिक्षित पथक द्यावे, ही मागणी आपण लावून धरू. तोवर प्रत्येक विहारात मास्क-हातमोज्यांची एक पेटी असू द्या.

जय भीम!