रंगापूर्वी छटा

शालेय चित्रकलेच्या पुस्तकांत आणि कलाशिक्षक घडविणाऱ्या अभ्यासक्रमांत दृश्यकलेची ओळख बहुधा दोन याद्यांनी करून दिली जाते. रेषा, आकार, घनाकार, छटा, रंग, पोत आणि अवकाश हे चित्राचे मूलघटक, आणि समतोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद, प्राधान्य व एकात्मता ही त्यांच्या मांडणीची तत्त्वे. विद्यार्थी दोन्ही याद्या व्याख्यांसह पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो, आणि प्रत्यक्ष चित्राला बसला की त्याचा हात आधी रंगपेटीकडे जातो. याद्यांतील नावे चुकीची नाहीत. अडचण आहे ती सगळी नावे एकाच तोलाची मानून एकाच दमात शिकविण्यात. या घटकांपैकी छटा हा घटक हाताला आणि डोळ्याला आधी सरावावा लागतो, कारण उरलेल्यांपैकी निम्मे तरी त्याच्यावर उभे असतात, आणि आपल्याकडे नेमका तोच घाईघाईने उरकला जातो.

छटा म्हणजे रंग कोणता आहे हे क्षणभर बाजूला ठेवले असता तो किती उजळ किंवा किती गडद दिसतो याचे माप. रंगपेटीतला पिवळा जात्याच उजळ आणि जांभळा जात्याच गडद असतो, तर लाल आणि हिरवा हे एकमेकांचे कट्टर विरोधी समजले जाणारे रंग पुष्कळदा जवळजवळ एकाच छटेचे निघतात. हिरव्या पानांत काढलेल्या लाल जास्वंदीच्या चित्राचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घेतले तर फूल पानांत विरघळून गेलेले दिसते, आणि विरोध हे तत्त्व पाठ असूनही चित्र सपाट का वाटत होते याचा उलगडा होतो. चित्रकलेचे शिक्षक डोळे किलकिले करून पाहायला सांगतात त्यामागचे कारणही हेच आहे, कारण पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील आणि रंगाची झगमग मागे पडते व उजेड-अंधाराचे मोठे भाग तेवढे उरतात.

ज्या याद्या आज सनातन असल्यासारख्या शिकविल्या जातात त्या फार जुन्या नाहीत, आणि त्यांच्या आरंभी छटेचे स्थान बरेच वरचे होते. अमेरिकन कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाऊ यांनी 1899 मध्ये ‘कॉम्पोझिशन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी घटक मानले ते तीनच : रेषा, नोतान आणि रंग. नोतान हा जपानी शब्द असून कागदाच्या पृष्ठावर गडद आणि उजळ भागांची केलेली रचना असा त्याचा अर्थ डाऊ घेत, आणि विद्यार्थ्याने रेषेकडून नोतानकडे व मग रंगाकडे जावे असा त्यांचा क्रम होता. डेनमन रॉस यांनी 1907 मध्ये सुसंवाद, समतोल आणि लय या तीन तत्त्वांवर आपली मांडणी उभी केली. 1919 मध्ये वायमार येथे बाउहाउस सुरू झाल्यावर योहानेस इटेन यांनी तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमात उजळ-गडद, खरबरीत-गुळगुळीत, मोठे-लहान अशा विरोधांचे प्रत्यक्ष सराव घेतले. पुढे पाठ्यपुस्तकांनी या सगळ्यांतून वेचून याद्या लांबविल्या. क्रम मात्र वाटेत गळून पडला.

तत्त्वांविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल की ती घटकांसारखी हाताळता येत नाहीत. रेषा ओढता येते, रंग लावता येतो, पण समतोल ‘लावता’ येत नाही. तो कागदावर आधी पडलेल्या गोष्टींच्या परस्परसंबंधांत सापडतो किंवा सापडत नाही. शिवाय ही तत्त्वे एकमेकांविरुद्ध ओढतात, कारण सुसंवाद वाढवावा तर विरोध मावळतो आणि एखाद्या भागाला प्राधान्य द्यावे तर समतोल डळमळतो. म्हणून चित्र काढून झाल्यावर त्याच्याविषयी बोलण्याची भाषा म्हणून ती शिकविणे रास्त आहे. चित्र काढण्यापूर्वीचे नियम म्हणून ती निरुपयोगी ठरतात.

छटेचे तसे नाही. ती जवळून पाहून शिकता येते. खिडकीशेजारी साधे मातीचे मडके ठेवले आणि उजेड डावीकडून येत असला, तर डाव्या खांद्यावर सर्वांत उजळ भाग दिसतो, तिथून उजवीकडे येताना छटा हळूहळू उतरत जाते, आणि सर्वांत गडद पट्टा उजव्या कडेवर न येता तिच्या थोडा अलीकडेच येतो. कडेजवळ छटा पुन्हा किंचित उजळते, कारण टेबलावर पडलेला प्रकाश उलटून मडक्याच्या पोटाला लागतो. पडछाया बुडाशी, जिथे मडके टेबलाला टेकते तिथे, सर्वांत गडद व रेखीव असते आणि दूर जाता जाता फिकी व पुसट होते. नवशिक्या विद्यार्थ्याला ‘एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली’ एवढेच सांगितलेले असल्यामुळे तो उजवी कड काळीभोर करून टाकतो आणि मडक्याची गोलाई तिथेच संपते. त्याच जागी घासलेला पितळी तांब्या ठेवला तर छटा सावकाश उतरत नाहीत, उजळ भागाला लागूनच गडद भाग येतो, आणि छटांच्या या उड्यांवरूनच डोळा ‘धातू’ ओळखतो. म्हणजे घनाकाराप्रमाणे पोतही बऱ्याच अंशी छटेतूनच दाखविला जातो, ही गोष्ट दोन वेगळ्या व्याख्या पाठ करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

सरावासाठी छटापट्टी हे साधन जुनेच आहे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ चौकोन काढून दोन चौकोनांतले अंतर डोळ्याला सारखे वाटेल अशा करड्या छटा भरायच्या, इतकेच काम. पण पोस्टर रंगात ते करताना विद्यार्थ्याची फजिती ठरलेली असते. पांढऱ्यात काळ्याचा थेंबभर अंश पडला तरी छटा एकदम खाली येते आणि गडद टोकाला मात्र बराच काळा ओतूनही ती जेमतेम हलते, म्हणून दर पायरीला सारखाच काळा मिसळणाऱ्याची पट्टी मध्येच अंधारात शिरते. एक पट्टी नीट जमण्यासाठी चार कागद वाया जावेत, यात गैर काहीच नाही.

या शिक्षणाचे फळ पाहायचे तर सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र पुरेसे आहे. सावंतवाडीला जन्मलेले आणि मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हळदणकर जलरंगात नामवंत होते. त्यांचे हे चित्र आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे, आणि ते राजा रविवर्म्यांचे असल्याचा समज अद्याप पुरता गेलेला नाही. हातात दिवा घेऊन उभी असलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योत झाकते, बोटांतून उजेड झिरपतो आणि मागे भिंतीवर सावली पडते. पारदर्शक जलरंगात उजेडासाठी वेगळा रंग नसतो; कागदाचा पांढरेपणा राखूनच उजेड मिळवावा लागतो, म्हणून सर्वांत उजळ जागा पहिल्या फटकाऱ्याआधीच ठरवून ठेवावी लागते. ज्योतीची झळाळी तिथल्या रंगामुळे जितकी आहे त्याहून अधिक तिच्याभोवतीच्या गडद छटांनी आणलेली आहे, आणि चित्राच्या स्वस्त, रंग उडालेल्या प्रतींतही दिवा पेटलेलाच दिसतो तो त्यामुळे.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. खिडकीचा उजेड आणि पडछाया यांचा हा अभ्यास युरोपीय वास्तववादातून आला, तर भारतीय परंपरा रेषाप्रधान, तेव्हा छटेला अग्रस्थान देणे म्हणजे परकी दृष्टी लादणे नव्हे काय? परंतु विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात ‘वर्तना’, म्हणजे उजळ-गडद भेदाने उठाव आणण्याची क्रिया, तीन प्रकारांनी सांगितली असून त्यांपैकी एक निव्वळ बिंदूंनी साधायची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या चेहऱ्यावर पडछाया कुठेच नाही, तरीही नाक-गालांचा उठाव छटांनीच आणलेला आहे. वारली चित्रात तर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा एवढेच असते. रंगांची निवडच उरत नाही, आणि सारी रचना गडद-उजळ या एका विरोधावर चालते. हेच डाऊ यांचे नोतान, फक्त त्याला कोणी पुस्तकी नाव दिलेले नाही. यशोधराने कामसूत्रावरील टीकेत दिलेल्या चित्राच्या सहा अंगांतही रंगाशी संबंधित वर्णिकाभंग रूपभेदापासून सुरू होणाऱ्या क्रमात शेवटी येतो. चित्रसूत्रकाराने तर आचार्य रेषेची आणि जाणकार वर्तनेची वाखाणणी करतात, सामान्यांना मात्र रंगांची समृद्धी भावते असे म्हटले आहे. रंगपेट्यांच्या जाहिराती त्याच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या, तरी निरीक्षण अचूक उतरले आहे.

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे चित्रकला गावोगावच्या शाळांत टिकून राहिली, हे निर्विवाद आहे. परंतु दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांशी त्या जोडल्या गेल्यामुळे सरावाचा रोख वेळेत पूर्ण होणाऱ्या, डोळ्यांत भरणाऱ्या रंगीत कागदावर राहतो, आणि वाया जाणाऱ्या चार छटापट्ट्यांना त्या वेळापत्रकात जागा उरत नाही. दोष एकट्या शिक्षकाचा मानता येणार नाही, कारण भरलेल्या वर्गात आठवड्याच्या एखाद-दुसऱ्या तासिकेत तो जे दाखवू शकतो तेच दाखवतो. तरीही पहिले सत्र फक्त काळ्या-पांढऱ्यावर काढणे त्याच्या हाती आहे, आणि ते खर्चाच्या दृष्टीनेही स्वस्तच पडते. दुसऱ्या सत्रात पहिला रंग म्हणून पिवळा द्यावा आणि छटापट्टीच्या मधल्या पायरीशी जुळेल इतका तो गडद करायला सांगावे. काळा मिसळताच पिवळा शेवाळी हिरवट होतो, तो पिवळेपणा न गमावता खाली उतरत नाही, आणि मग काळ्याऐवजी तपकिरी किंवा जांभळा थोडा थोडा मिसळून पाहावा लागतो. सुसंवाद आणि विरोध हे शब्द फळ्यावर लिहायची वेळ ती.