शिवी कुणाच्या नावाने?

या वेळचं संपादकीय एका तबकडीवर. कवितेच्या अंकात बँडबाजा कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल पान उलटावं.

ब्राझीलच्या बेलो होरिझॉन्ते शहरातला सार्कोफागो हा बँड १९८५ साली उभा राहिला. १९८७ मध्ये कोगुमेलो या तिथल्याच कंपनीने त्यांची तबकडी काढली : ‘आय.एन.आर.आय.’ ही क्रूसावर ठोकलेल्या पाटीची अक्षरं. नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. माणूस मारता मारता रोमन सत्तेने केलेली टिंगल. मुखपृष्ठावर चौघं दफनभूमीत उभे. तोंडाला मढ्याचा रंग, अंगावर काडतुसांचे पट्टे, हातांवर खिळेच खिळे. आज ज्याला ब्लॅकन्ड डेथ मेटल म्हणतात, त्याच्या मुळाशी जी थोडी नावं निघतात त्यात हे एक.

ड्रमवर डी. डी. क्रेझी. हाताचा ड्रम आणि पायाचा ड्रम इतक्या वेगाने आलटून पालटून बडवतो की ठेका मोजायला गेलात तर फसलात. या ब्लास्ट बीटला पुढे जगभर मान मिळाला. रेकॉर्डिंग गढूळ. वॅग्नर अँटिक्राइस्ट, म्हणजे सेपल्टुराचा सुरुवातीचा गायक, गात नाही, ओकतो. इंग्रजी मोडकं. मोडलं तर मोडलं, साहेबाच्या भाषेचं काय बिघडतं? गोदीत दिवसभर क्रेन आणि साखळदंडांचा खणखणाट डोक्यात घेणाऱ्या मला हा आवाज परका वाटला नाही. गुळगुळीत भावगीतंच परकी वाटतात.

आता ते शहर बघा. राज्य मिनास जेराइस. नावातच खाणी. अठराव्या शतकात इथलं सोनं आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी उपसलं. त्या सोन्याचा मुलामा ओरो प्रेतोच्या चर्चमधल्या कोरीवकामावर चढला, आजही तो चकाकतोय. गुलामी कायद्याने संपली ती १८८८ साली, अख्ख्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. मग १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्कराचा बूट. बूट उचलला त्याच वर्षी या पोरांनी गिटार उचलली. देव सोन्याने मढलेला आणि सोनं गुलामाच्या पाठीवरून आलेलं. अशा मुलुखात क्रूसाला शिवी घालणं हा नुसता आचरटपणा नाही.

पण तबकडीत ती खाण कुठाय? गुलाम कुठाय? जनरल कुठाय? सैतान आहे, प्रेतं आहेत. आणि बाई आहे, तीही विटंबनेपुरती. एका गाण्याचं नावच ‘कुमारिकेची विटंबना’ अशा अर्थाचं. वर बसलेल्या देवाला शिवी घातलीत, छान केलंत. मग खाली बाईच्या छातीवर पाय का? मळेवाल्याने गुलाम बाईवर पिढ्यानपिढ्या जे केलं, त्यात आणि तुमच्या गाण्यात फरक काय? (हसू नका. ही वहाण आपल्यातल्या बऱ्याच कवींच्या पायात आहे.)

ज्या शिवीवर पत्ता नाही ती कुणीही उचलतो. तसंच झालं. नॉर्वेच्या पोरांनी यांच्याकडून बरंच काही घेतलं. मेहेमचा युरॉनिमस यांचा भक्त होता, सॅटिरिकॉनने १९९९ मध्ये त्यांचं शीर्षकगीतच वाजवलं. १९९२ पासून तिथं चर्च जळायला लागली, आणि त्याच गोतावळ्यातले काही जण शुद्ध रक्ताच्या बाता मारू लागले. ब्राझीलच्या तेलावर पेटवलेला दिवा आणि शुद्ध रक्त! हसावं की थुंकावं?

तबकडी जेमतेम अर्ध्या तासाची आहे, जरूर ऐका. ड्रमकडे कान ठेवा. तो वेग मला कवितेत हवाय. पुढच्या अंकासाठी पाठवा, शिव्या असल्या तरी चालतील, ज्याला घातली त्याचं नाव मात्र ओळीत पाहिजे. बाईच्या अंगावर झाडलेल्या शिव्यांच्या चार कविता या महिन्यात आल्या होत्या. चारही परत पाठवल्या आहेत.