खोडलेला मजकूर
लखनौचे आनंद नारायण मुल्ला काश्मिरी पंडित, उर्दूचे शायर आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. वडील जगत नारायण काकोरी खटल्यात सरकारी वकील. मुलगा मात्र सरकारच्याच पोलिसांवर घसरला. गुन्ह्यांच्या बाबतीत पोलिसांची बरोबरी करील अशी दुसरी टोळी देशात नाही, अशा अर्थाचं त्यांनी चक्क निकालपत्रात लिहिलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६३ मध्ये तो मजकूर खोडला गेला. (खोडला, पण वकीलमंडळींच्या तोंडी तोच राहिला!) मला यात गझलकाराची खोड दिसते: दोन ओळींत सगळं सांगून मोकळं व्हायचं. मुशायऱ्यात त्याला दाद मिळते, निकालात अपील होतं. १९६४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; १९६७ मध्ये लखनौकरांनी त्यांना लोकसभेत धाडलं, तेही अपक्ष म्हणून.